चुकीचं उत्तर देणारी मुलगी

रोह्याच्या सभागृहात प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी जो फलक लागला, त्यावर तीन बोधचिन्हं होती. एक मुंबईच्या फाउंडेशनचं, एक पुण्याच्या संस्थेचं आणि एक जिल्हा परिषदेचं. म्हणजे पैसे मुंबईचे, अक्कल पुण्याची आणि माणसं आपली. याला भागीदारी म्हणायचं असं ठरलं होतं. पेण आणि रोहा तालुक्यांतले सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवणाऱ्या बाया आणि मास्तर दर महिन्याला तिथे जमायचे, नाव नोंदवायचे, चहा-बिस्किटं खायचे आणि पाठीमागच्या रांगेत बसून मोबाइल बघायचे. सरकारी प्रशिक्षणं लोक अशीच सोसतात.

प्रणिता खरीवले मात्र पुढच्या रांगेत बसायची. ती मूळची रोह्याच्या आतल्या अंगाची, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातली. नोकरी मिळाली ती पेणच्या पलीकडे, खाडीकाठच्या दिवेखारच्या शाळेत. गाव सगळं मिठागरांवर जगणारं. बारा वर्षं तिने तिथे फळ्यावर उत्तरं लिहिली आणि मुलांनी ती उतरवून घेतली. पुण्याहून आलेल्या बाईंनी जेव्हा पहिल्यांदा सांगितलं, की मुलाला आधी त्याच्या मनातलं बोलू द्या, चुकू द्या, मग तराजू समोर ठेवा आणि त्याचं त्यालाच कळू द्या, तेव्हा प्रणिताच्या अंगावर काटा आला होता. आपण इतकी वर्षं काय केलं, असं तिला वाटलं. तिला ते प्रशिक्षण मनापासून आवडलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही तिला ढोंगी ठरवून मोकळे व्हाल.

शाळेत तिने खरंच तसं शिकवायला सुरुवात केली आणि त्यातूनच तिला जनी सापडली. आठवीतली जनी, मिठागरावर राबणाऱ्या काळुराम घरतची मुलगी. ती आधी वर्गात तोंड उघडत नसे. आता ती प्रश्न विचारायची आणि ते असे, की प्रणिताला घरी जाऊन पुस्तकं काढावी लागायची. गावातल्या मुली आठवीनंतर घरी बसतात किंवा हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जातात. जनीने नववीला पेणला जावं म्हणून प्रणिता काळुरामच्या दारी कितीदा तरी गेली होती. काळुराम कमी बोलणारा माणूस. दिवाळीनंतर एकदा तो म्हणाला, "तुमी हाव ना तिच्या पाठीशी? मंग जाऊंदे." त्या दिवशी प्रणिता गाडीवरून गाणं म्हणत घरी गेली होती.

जानेवारीत निलेश आला. हा रोह्याचा तरुण भागीदारीचा समन्वयक होता, कंत्राटी, नुकतंच लग्न झालेला. अनुदानाची तीन वर्षं संपत आली होती. पुढची तीन वर्षं मिळणार की नाही, हे बघायला फाउंडेशनची माणसं कॅमेरा घेऊन येणार होती आणि त्यांनी दिवेखारची शाळा निवडली होती. पाठ पुण्यानेच ठरवून दिला होता, सगळ्या शाळांना एकच. पाण्यात मीठ विरघळलं की त्याचं वजन जातं की राहतं? मुलं म्हणणार, जातं. मग तराजूवर दाखवायचं, की राहतं. मुलांच्या तोंडावर जो उजेड पडेल, तो कॅमेऱ्यात टिपायचा.

रंगीत तालीम म्हणून प्रणिताने निलेशसमोर वर्गाला प्रश्न विचारला. वर्ग आधी गप्प बसला. बाईंना बरं नाही की काय, असं मुलांना वाटलं असावं. मग मागून मोरू म्हणाला, "जाईल कुठं, बाई? उन्हान ठेवा, परत येतंय." सगळा वर्ग हसला. ज्यांचे बाप खाडीच्या पाण्यातून मीठ काढतात, त्या पोरांना हा प्रश्न विचारायचा म्हणजे शेतकऱ्याच्या पोराला भात कशाला येतो विचारण्यासारखं. पुण्यातल्या शहाण्यांच्या हे ध्यानात यायचं कारण नव्हतं. निलेशच्या ध्यानात आलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, कुणीतरी चुकलं पाहिजे," तो व्हरांड्यात येऊन म्हणाला. "चुकलंच नाही तर आपण शिकवलं काय? त्यांच्या कागदावर रकानाच आहे, मुलांचे गैरसमज."

"पाठ बदलू या की."

"पाठ वर कळवून झालाय. तराजू येऊन पडलेत. मॅडम, एका मुलानं चुकायचं, बस. शेवटी बरोबरच उत्तर यायचंय ना?"

आणि प्रणिता कबूल झाली. तपासणीसाठी मुलांकडून उत्तरं घोटून घेणं हे आपल्या शाळांना नवं नाही. साहेब यायचे असले की कुणी हात वर करायचा, कुणी पाढा म्हणायचा, हे आदल्या दिवशीच ठरतं. पण आजवर सगळे बरोबर उत्तर घोटून घेत आले. चुकीचं उत्तर घोटून घेण्याची पाळी मात्र नवीन शिक्षणाने आणली.

आधी तिने वर्गातल्या नितेशला सांगून बघितलं. अभ्यासात तो कच्चा होता, म्हणून वाटलं की त्याला सोपं जाईल. पण तो अर्ध्यातच फिस्सकन हसला. मग तिची नजर जनीवर गेली.

"बाई, मना येतंय ना खरं," जनी म्हणाली.

"माहीत आहे गो मला. म्हणून तर तुला सांगते. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही." आणि वर म्हणाली, "घरी बोलायचं नाही हां. हे आपल्या शाळेचं आहे."

जनीने मान हलवली. आपल्याला निवडलं याचा तिला आनंद झाला होता.

कॅमेऱ्यासमोर तिने ते असं काही वठवलं, की पाहुणे बघत राहिले. "मीठ पाण्यात गेलं की संपतं," ती ठामपणे म्हणाली. मग तराजूचा काटा बघून तिने डोळे मोठे केले, ओठ चावला आणि हळूच हसली. फाउंडेशनच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. निलेशने प्रणिताकडे बघून हात जोडले. वर्गातली बाकीची पोरं खाली माना घालून हसू दाबत होती, ते कॅमेऱ्यात आलं नाही.

महिन्याभराने ती चित्रफीत आली. खाली अक्षरं होती, "खाडीकाठच्या जनीला वाटायचं, मीठ पाण्यात संपतं. आज ती विचार करायला शिकली आहे." फाउंडेशनने ती सगळीकडे टाकली आणि सगळीकडे म्हणजे दिवेखारच्या मोबाइलांवरही ती आलीच. मिठागरांवर त्या दिवशी कामापेक्षा हसणंच जास्त झालं. "काळुराम, तुजं मीठ संपलं काय रं?" असं लोक टपरीवर विचारू लागले. जनी पाण्याला निघाली की पोरं मागून ओरडायची, "संपलं, संपलं." तिच्या वर्गातल्यांना खरं ठाऊक होतं, पण तेच पुढे होते. पोरांची जात अशीच असते आणि मोठ्यांची काही फार वेगळी नसते. जनी कुणाला काही बोलली नाही. ती फक्त पाण्याला दुपारी जाऊ लागली, रस्त्यावर कुणी नसताना.

हे कानावर आलं तेव्हा प्रणिताला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी ती काळुरामला खरं सांगायचं ठरवूनच निघाली. वाटेत निलेशचा फोन आला. गावात चाललेली चेष्टा त्याच्याही कानावर गेली होती. आपण कुठे निघालोय ते तिने त्याला सांगितलं.

"मॅडम, मंजुरी येईपर्यंत थांबा. गावात एकाला सांगितलंत की ते मुंबईला पोचतं. मग सगळ्याच शाळांचं बंद होईल. माझं सोडा, तुम्हीच म्हणता ना, की यातून मुलं बोलायला लागली?"

तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. तराजू, प्रयोगाचं सामान, दर महिन्याचं रोहा, पुढच्या रांगेतली ती खुर्ची, हे सगळं प्रणिताच्या डोळ्यांसमोर आलं. एका पोरीची थोडी चेष्टा होते आहे, होईल शांत, असं तिने स्वतःला समजावलं. आपल्या सोयीचं असलं की माणसाला समजूत लवकर पटते.

काळुराम घरीच होता. जनी दारात बसून खाडीच्या चिखलात मिळणारी मासळी, निवट्या, साफ करत होती. प्रणिता खुर्चीवर टेकली नाही तोच त्याने विचारलं, "बाई, माजी पोर खरंच आसं बोलली काय?"

जनीचे हात थांबले. तिने मान वर करून बाईंकडे बघितलं.

"लहान आहे हो," प्रणिता म्हणाली. "कॅमेरा बघून गोंधळली."

 "बरं," काळुराम म्हणाला. त्याने चहा ठेवायला सांगितला. प्रणिताने तो चहा प्यायला. जनीने पुन्हा वर बघितलं नाही. परत जाताना प्रणिताला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिने पुलावर गाडी थांबवली आणि तिथेच उभी राहून रडली. पण मागे फिरली नाही.

मे महिन्यात जनी हमरापूरला तिच्या आत्याकडे, कृष्णाबाईकडे गेली. सुट्टीपुरती गेली असेल, असं प्रणिता धरून चालली होती. जूनमध्ये अनुदानाची मंजुरी आली. निलेशने पेढ्यांचा फोटो पाठवला. त्याच आठवड्यात प्रणिताने पेणच्या शाळेत चौकशी केली, तर नववीच्या प्रवेशात जनीचं नावच नव्हतं. आता सांगायला हरकत नव्हती. वरातीमागून घोडं निघालं ते असं.

रविवारी ती हमरापूरला गेली. गणपतीच्या मूर्तींचा हंगाम असल्यामुळे कारखान्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. कृष्णाबाईच्या पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने पांढऱ्या मूर्ती मांडल्या होत्या आणि जनी एका पाटावर बसून त्यांच्या सोवळ्यांना पिवळा रंग देत होती. काळुराम पोरीला भेटायला आला होता, तोही तिथेच होता. प्रणिताने बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. चुकीचं उत्तर तिनेच जनीला शिकवलं होतं, पाठ करून घेतलं होतं, घरी बोलू नको म्हणून बजावलं होतं, सगळं. सांगून झाल्यावर तिला मोकळं वाटलं आणि आपल्याला मोकळं वाटतं आहे याचा रागही आला.



"मना ठावं होतं," काळुराम म्हणाला.

"जनीने सांगितलं?"

"ती कसली सांगते? तुमी नको म्हनाला होता ना तिला. किती इचारलं, मारलंसुदा एक डाव, तरी बोलली नाय." त्याने पोरीकडे बघितलं. "बाई, चालायला लागली तवापासून ही पोर माज्याबरोबर मिठावर आहे. ती मिठात चुकल काय? ती फिल्म बघितली तवाच समजलो, का पोरीला शिकवलंय ह्ये."

"मग तुम्ही मला का विचारलंत?"

"तुमी काय सांगता ते बघायचं होतं. लोक हसले त्याचं मना काय नाय. लोक कवा हसत नाय? पन पेनला तिचं कोन हाय? तिथं तुमचाच आधार होता. म्हनून तिच्यासमोर इचारलं, का बाई आता बोलतील. तुमी बोललात, पोर गोंधळली." त्याचा आवाज चढला नव्हता. "घरात, माज्यासमोर, तुमी तिची बाजू घेतली नाय. मंग तिकडं परक्या गावात काय घेनार?"

  प्रणिताने हात जोडले आणि काळुरामने नजर दुसरीकडे वळवली. कृष्णाबाई मधे पडून म्हणाली, "पोरीला तरी इचारा, जायचंय काय तिला."

प्रणिता जनीच्या पाटाजवळ जाऊन खाली बसली. "जनी, प्रवेशाला अजून वेळ आहे. मी स्वतः येईन तुझ्याबरोबर. आणि मी शाळेत सांगेन, गावात सांगेन, रोह्याला सगळ्यांसमोर उभी राहून सांगेन, की तुला येत होतं."

जनीने कुंचला डब्याच्या काठाला निथळून घेतला. तिच्या तोंडावर राग नव्हता. वर्गात एखादं गणित मनात सोडवताना ती जशी दिसायची, तशीच ती दिसत होती.

"नको, बाई," ती म्हणाली. "आता मना येडी म्हनतात. तुमी खरं सांगितलंत तर मंग खोटारडी म्हनतील. त्यापेक्षा येडीच बरी." आणि तिने पुढची मूर्ती जवळ ओढून घेतली.