जुलैत जमलेलं माप

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. भाजीबाजारातला नव्हे, बंदुकीची दारू तोलणारा. मी ग्रेनमध्ये मोजतो. एक ग्रेन म्हणजे साधारण जवाच्या एका दाण्याएवढं वजन, आणि त्याचा दहावा भागसुद्धा मला कळतो. शेजारी कुणी उसासा टाकला तरी माझी दांडी हलते. इतकं नाजूक असणं या जगात बरं नव्हे, हे मला फार उशिरा समजलं.

जन्मलो कारखान्यात, पण आयुष्य गेलं अमेरिकेतल्या पूर्व मोंटानात, व्हर्लिन टोफ्टे आणि त्याची बायको आर्लिस यांच्याकडे. मेंढ्या आर्लिसच्या. बंदूक व्हर्लिनची. कायोट, म्हणजे आपल्या कोल्ह्याचा तिकडचा थोराड भाऊबंद, कोकरं उचलून नेई. म्हणून व्हर्लिन घरीच काडतुसं भरायचा. प्रत्येक बंदुकीला तिचं तिचं माप मानवतं. अर्धा ग्रेन इकडेतिकडे झाला की गोळ्या पसरतात. म्हणून थोडंथोडं माप बदलत काडतुसं भरायची, दूरच्या कागदावर झाडायची आणि ज्या मापाची भोकं सर्वांत जवळजवळ पडतील ते निवडायचं. तोलायचं मी, वहीत लिहायचं आर्लिसनं.

"असा काटा अख्ख्या जिल्ह्यात नाही," व्हर्लिन म्हणायचा. मी मनातून फुगायचो. दांडी मात्र हलू दिली नाही.

एका जुलैत त्यानं नव्या जातीची दारू आणली. गवत करपलं होतं, नळी हाताला चटका देत होती. पस्तीस ग्रेन दारू भरलेल्या तीन गोळ्या एकाच भोकातून गेल्या. व्हर्लिननं तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि येईल त्याला दाखवू लागला.

शेजारचा नॉर्बर्ट कॉफी पीत म्हणाला, "चौथी कुठंय?"

"चौथीची गरजच काय?"

"चौथी मारली की खरं कळतं, म्हणून मारली नाहीस."

आर्लिस हसली, मग म्हणाली, "थंडी पडली की परत मारून बघ हं. ही दारू उन्हात एक वागते, बर्फात दुसरंच."

"आर्लिस, तू तुझ्या मेंढ्या बघ."

ती बघतच होती. फेब्रुवारीत मेंढ्या व्यायला लागल्या. पारा शून्याखाली तीस. काकडलेली कोकरं ती ओव्हनच्या उघड्या दारापाशी खोक्यात ठेवायची. एका सकाळी कुंपणापलीकडे कायोट दिसला. व्हर्लिन बर्फात पालथा पडला, नेम धरला. गारठलेली दारू मंद जळाली आणि गोळी खाली गेली. पुढचा पाय मोडून घेऊन जनावर तीन पायांवर पळालं.

तीन पायांच्या कायोटला ससा सापडत नाही. कोकरू सापडतं. आधी आठवड्याला एखादं जायचं, आता रोज एक जाऊ लागलं.

"काट्यानं दगा दिला," व्हर्लिननं नॉर्बर्टला सांगितलं.

आर्लिस उठली. मला टेबलावर मांडलं, पारड्यात वीस ग्रेनचं प्रमाण वजन टाकलं. मी वीस दाखवले.

"बघ."

"आज बरोबर दाखवतोय. त्या दिवशी नसेल दाखवलं."

नॉर्बर्ट खिडकीबाहेर बघत राहिला.

विजेवर चालणारा नवा काटा आला आणि मी शेडमध्ये गेलो. नव्या काट्यावर व्हर्लिननं तेच पस्तीस ग्रेन तोलले. आणखी दोनदा नेम धरला, दोनदा चुकला. मार्च संपत येईपर्यंत एकतीस कोकरं गेली होती.

मग एका दुपारी आर्लिस शेडमध्ये आली. मला स्कार्फनं पुसलं. जुन्या दारूची पाच काडतुसं भरली, ती बाहेर बर्फातच ठेवली आणि चांगली गारठल्यावर त्यातली चार कागदावर मारून बघितली. पाचवं तिनं कायोटसाठी ठेवलं. दोन दिवसांनी तिनं त्याला मारून शेडच्या दाराशी आणून निजवलं. कातड्याखाली नुसती हाडं होती. मोडून वाळलेल्या पायावरून तिनं बोट फिरवलं.

"तुला तरी बाबा, दुसरं काय जमणार होतं," ती म्हणाली.

सप्टेंबरात ट्रक आला. कळप सावरण्यापलीकडे गेला होता. शेवटची मेंढी चढेपर्यंत आर्लिस फाटक धरून उभी होती. "वर्षच वाईट होतं," व्हर्लिन ड्रायव्हरला म्हणाला. तिनं रिकाम्या वाड्याचं फाटक लावलं.

आता माझ्या पारड्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय. राहू दे. मित्रांनो, मला तेलपाणी करा असं मी म्हणणार नाही. वस्तू उलट बोलत नाही, म्हणून तिच्यावर खापर फोडणं सोपं जातं. पण नेम चुकला तर आधी स्वतःचा हात बघा, आणि लगेच बघा. कारण तुम्ही उशीर करता तेव्हा त्याची किंमत दुसराच कुणी मोजत असतो. व्हर्लिननं त्या सकाळी घरात येऊन नुसतं म्हणायचं होतं, "माझं चुकलं, थंडीत बघायचं राहिलं." मी दाण्याचा दहावा भाग ओळखणारा. मला विचाराल तर सांगतो, ते शब्द उच्चारायला एका ग्रेनएवढेही जड नव्हते.