खांद्यावर बंदूक

“फुसका बार!” बंदूकवाले ओरडले आणि डाव्या हाताने त्यांनी तोंडापुढचा चमचा उडवून लावला. सूप चादरभर सांडलं.

“पोळलं का? की नकोच आहे?” बाईंनी विचारलं.

“फुसका बार.” या वेळी आवाज मऊ होता, जवळजवळ माफी मागितल्यासारखा.

चादर ओढायला बाई वाकल्या तशी कमरेतून कळ निघाली. पलंगाची कड धरून त्या तशाच अर्धवट वाकलेल्या राहिल्या. दारात उभ्या असलेल्या लेकीने ते पाहिलं. बाबा न्हाणीघरात पडले, आईला उचलता आलं नाही, शेजारच्या दोघांना हाका माराव्या लागल्या, हे फोनवर ऐकून ती मिळेल त्या गाडीने आली होती.

बंदूकवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. संग्रहालयातल्या शस्त्रदालनात ते रखवालदार म्हणून लागले आणि बोलायची खोड जाईना म्हणून हळूहळू त्या दालनाचे वाटाडेच होऊन बसले. बाई तेव्हा खाली तिकिटाच्या खिडकीत बसायच्या. जिन्यावरून बंदूकवाल्यांचा आवाज घरंगळत खाली यायचा.

“मंडळी, तुम्ही सगळे रोज बंदूक चालवता, ठाऊक आहे?” सुरुवात ठरलेली. लोक हसले की पुढे, “ही ठासणीची बंदूक. नळीत दारू ओतायची, गोळी सोडायची आणि या गजाने ठासायची. कसर राहिली तर वैऱ्याऐवजी आपलाच निकाल! आणि तुम्ही घरी बायकोला काय म्हणता? ठासून सांगतो! आता दारू ओली निघाली तर? नुसता धूर. फुसका बार. निवडणुकीनंतर ऐकता ना?” मग सर्वांत लांब, जड बंदुकीपाशी थांबून ते एखाद्या धिप्पाड पाहुण्याला पुढे बोलवत. “हिचं वजन पेलवेना की नळी टेकायची दुसऱ्याच्या खांद्यावर. नेम याचा, कान फुटायचे त्याचे. ऑफिसात असे नेमबाज किती आहेत, हात वर करा!”

हशा पिकायचा. तिकिटं फाडता फाडता बाईही हसायच्या आणि अशाच एका हसण्यातून पुढे लग्न झालं. घरीही त्यांची सरबत्ती चालूच असे. पाहुणे आले की बाई म्हणत, “अहो, तोफखाना जरा आवरा, चहा निवतोय.”

मग एका सकाळी दाढी करताना ते आरशासमोर कोसळले. उजवं अंग गेलं आणि शब्द गेले. बायकोचं नाव गेलं, पाणी गेलं, हो आणि नाहीसुद्धा गेलं. उरलं ते एवढंच: फुसका बार, ठासून सांगतो, खांद्यावर बंदूक. आयुष्यभर घोटलेले बोल तेवढे गाळात रुतून राहिले होते.

वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंनी समजावलं होतं, “हे उचकीसारखं समजा, काकू. आपोआप बाहेर पडतं. त्यात अर्थ शोधत बसू नका, तुम्हालाच त्रास होईल.”

पण अर्थ शोधल्याशिवाय माणसाबरोबर राहायचं कसं? बाईंनी त्या तीन बोलांवर संसार चालवला. हळू म्हटलं तर तहान, ओरडून म्हटलं तर दुखतंय, मान वळवून म्हटलं तर दिवा बंद कर. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या अभिमानाने सांगत, “मला कळतं त्यांचं सगळं.”

चादर बदलून झाल्यावर लेक वडिलांच्या उशाशी बसली.

“बाबा, गावाबाहेर एक केंद्र आहे. चांगलं आहे, मी काल पाहून आलेय. नर्स असतात, उचलायला माणसं असतात. राहाल का तिकडे? आईला आता होत नाही हो.”

बंदूकवाल्यांनी लेकीकडे पाहिलं, मग बाईंकडे. कपाळावरची शीर तटतटली. ओठ दोन-तीनदा हलले आणि ते म्हणाले, “खांद्यावर... खांद्यावर बंदूक.”

लेकीचा चेहरा पडला. ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. बाई मागोमाग गेल्या.

“ऐकलंस?” लेक म्हणाली. “मी तुझ्या आडून बोलतेय असं वाटतंय त्यांना. मला त्यांना घालवायचंय आणि तुझं नाव पुढे करतेय!”

“अगं, त्यांना तसं म्हणायचं नाहीये.”

“मग कसं म्हणायचंय? तुला कळतं ना सगळं? सांग.”

बाईंनी नळ उघडला, चादर भिजवली, नळ बंद केला.

“मला काही कळत नाही,” त्या म्हणाल्या. “कधीच कळलं नाही. पाणी दिलं की पितात, म्हणून पाणीच मागितलं असं धरून चालते. नाही प्यायले तर दिवा बंद करते. एखाद्या वेळी काहीच जमत नाही, ते ओरडत राहतात आणि मी बाहेर पायरीवर जाऊन बसते.”

भिजलेल्या चादरीवरचे डाग बाई उगाचच चोळत राहिल्या. लेकीला फोन केला तेव्हाच ती केंद्राचं नाव काढणार हे त्यांना ठाऊक होतं. ती काढावी म्हणूनच तर फोन केला होता. आपल्याला जे बोलायचं धाडस होत नव्हतं, ते पोरीच्या तोंडून वदवून घेतलं आणि वर ‘त्यांना तसं म्हणायचं नाही’ म्हणून आपण साळसूदपणे उभ्या राहिलो.

हात पुसून त्या आत गेल्या आणि पलंगापाशी खुर्ची ओढून बसल्या.

“अहो, इकडे बघा. हे ती म्हणत नाहीये. मी म्हणतेय. मला आता झेपत नाही. मीच पाठवतेय तुम्हाला.”

ते बाईंकडे बघू लागले. मग अगदी शांतपणे म्हणाले, “ठासून सांगतो.”

त्यापुढे काहीच नव्हतं. नाही पाठवायचं, की बरं आहे, की नुसतीच उचकी? बाईंनी वाट पाहिली. बंदूकवाल्यांनी डोळे मिटले.

दोन दिवसांनी त्यांना नेलं.

केंद्रातली नर्स हसतमुख होती. बाई पहिल्यांदा भेटायला गेल्या तेव्हा तिने कौतुकाने सांगितलं, “आजोबा गुणी आहेत हं. काही त्रास नाही. तोंडातून शब्द काढत नाहीत.”

“शब्द म्हणजे... ते तीन तरी म्हणत असतील ना?”

“नाही हो. आल्यापासून एकही नाही.”

लांबट खोलीच्या टोकाला, खिडकीपाशी, ते चाकाच्या खुर्चीत बसले होते. अंगात कुणा दुसऱ्याचाच करडा स्वेटर होता. बाह्या इतक्या लांब की बोटंही दिसत नव्हती.

“अहो,” बाई म्हणाल्या. “मी आलेय.”

त्यांनी पाहिलं. ओळखलं की नाही, कळेना. पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

“काहीतरी म्हणा ना. ओरडा हवं तर.”

पलीकडच्या खाटेवर कुणीतरी खोकलं. ट्रॉली खडखडत बाहेरून गेली. बाई गुडघ्यांवर हात टेकत त्यांच्यासमोर खाली बसल्या आणि निर्जीव उजव्या हातावरची बाही दुमडू लागल्या. एक घडी, दोन घड्या, मनगट दिसेपर्यंत. ती पुरी होताच बंदूकवाल्यांनी, खिडकीवरची नजर न काढता, डावा हात त्यांच्यापुढे धरला.