अकरावा छर्रा

आत्याची सायकल या घरात आली ती आत्याच्याही आधी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आत्याने आपली दोन खोल्यांची जागा सोडून धाकट्या भावाकडे राहायला यायचं ठरवलं, तेव्हा टेम्पोतून पहिली उतरली ती ही पोलादी रेसिंग सायकल. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, निळ्या रंगावर गंजाचे पोपडे आणि टायर इतके कडक की बोटाने ठोकले तर टकटक वाजावेत. ती मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली गेली. मग आत्याचा पलंग आला आणि तो काही केल्या बसेना.

"वन्सं, सायकल उभी केली तर तुम्हाला आडवं होता येत नाही," आई म्हणाली. "दोघींपैकी एकीलाच ठेवता येईल."

"मग तिला द्या भंगारात," आत्या शांतपणे म्हणाली. "तीस वर्षांत मी तिच्याकडे ढुंकून पाहिलेलं नाही. रविवारी दहाला येतो ना तो भंगारवाला?"

हे ऐकून घरातल्या मुलीने चहाचा कप खाली ठेवला. तिच्या हाती नुकतीच पदार्थविज्ञानाची पदवी पडली होती. घरात तिला सगळे 'दशांश' म्हणत, कारण आंघोळीला किती वेळ लागेल असं विचारलं तरी ती "साडेसहा मिनिटं" असं सांगे आणि खरोखर तेवढ्यातच बाहेर येई.

"ही मी दुरुस्त करते," दशांश म्हणाली. "पुढच्या महिन्यात प्रयोगशाळेत रुजू व्हायचंय. असली सायकल नवी घ्यायची म्हटलं तर माझा निम्म्या वर्षाचा पगार जाईल. आणि पलंगावर छताला हूक मारून टांगली तर बसते. मी मोजलंय."

"माझ्या डोक्यावर टांगणार?" आत्याने विचारलं.

"डोक्यावर नाही, पायांवर. डोक्यापासून मागचं चाक एकशे बारा सेंटिमीटर लांब राहील."

बाबा वर्तमानपत्राआडून हसले. आत्या मात्र हसली नाही. भाचीकडे तिने जरा वेळ रोखून पाहिलं. "बरं. या रविवारी नको, तिसऱ्या रविवारी. दहा वाजायच्या आत कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत जाऊन परत आलीस, तर ती तुझी. नाही आलीस तर भंगारवाल्याच्या काट्यावर चढेल. कबूल?"

"कबूल."

दुसऱ्या दिवसापासून गॅलरीचा कारखाना झाला. दशांशकडे पैसे बेताचेच होते. त्यातून टायर, ट्यूब, ब्रेकची रबरं आणि केबली घेतल्यावर पाकिटात खडखडाट झाला. बाकी सगळं घरातल्याच वस्तूंवर भागवायचं होतं. बादलीभर पाण्यात लिंबूसत्व घालून गंजलेले नटबोल्ट भिजत पडले. चेन जुन्या बरणीत रॉकेल पीत बसली. डब्यातल्या पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा बोळा करून तिने क्रोम घासला आणि तीन दिवसांत हँडलमध्ये बाबांना दाढी करता येईल इतका चमकवला. सुटा झालेला प्रत्येक भाग ती बर्फाच्या ट्रेच्या खणात ठेवी आणि खणावर चिठ्ठी लावी.

"पाहुणे आले की मी पाण्यात वॉशर घालून देत जाईन," आई म्हणाली. "थंड नसलं तरी पौष्टिक. लोह असतं त्यात."

आत्याची खुर्ची गॅलरीच्या दाराशीच होती. ऑपरेशन झालेला पाय स्टुलावर ठेवून ती दिवसभर शब्दकोडी सोडवी. पहिल्या आठवड्यात तिने तीनदा तोंड उघडलं. "अगं, ते डावं पायडल आहे ना, ते उलट्या..." असं ती म्हणाली, तेव्हा दशांशने मान वर न करता "माहितीये आत्या, मी वाचलंय" म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा "अगं" एवढंच म्हणून होतंय तोच "वाचलंय" हे उत्तर आलं. मग आत्याने चष्मा सारखा केला, कोड्यात डोकं घातलं आणि त्यानंतर चकार शब्द काढला नाही.

तशी तिची गरजही पडत नव्हती. सगळं घड्याळासारखं चाललं होतं. घोडं अडलं ते शेवटच्या गुरुवारी, पुढच्या चाकापाशी.

चाकाच्या मधल्या भागात, ज्याला हब म्हणतात त्यात, दोन्ही बाजूंना एकेक वाटी असते. वाटीत पोलादाचे बारीक छर्रे गोल मांडलेले असतात आणि त्यांच्यावर चाक फिरतं. दशांशने ते काढले, रॉकेलने धुतले, मोजले. डावीकडचे दहा, उजवीकडचे दहा. मग वाटीत ताजं ग्रीस भरून एकेक मांडत गेली, तर दहावा ठेवल्यावर जागा उरली. जवळजवळ एका छर्ऱ्याची. तिने व्यास मोजला, कागदावर वर्तुळ काढलं, भागाकार केला. उत्तर आलं दहा पूर्णांक नऊ दशांश.

ती ओरडली, "आई! तू गॅलरी झाडलीस?"

"रोज झाडते. गुन्हा आहे का?"

"एक छर्रा हरवलाय!" तिने घाईघाईने दुसरी वाटी तपासली. "एक नाही, दोन! दोन्हीकडून एकेक!"

"दोन्हीकडून एकेकच?" बाबा दारात येऊन म्हणाले. "शिस्तीचे दिसतात. रांगेत पळाले असतील."

"योगायोग आहे, बाबा," ती ठणकावून म्हणाली. ज्या मुलीने चार वर्षं योगायोगाची शक्यता काढायची गणितं सोडवली होती, तिने हे म्हणावं!

मग घर पालथं घातलं गेलं. दशांशने दोरीला लोहचुंबक बांधून सगळ्या फरशीवरून, कपाटाखालून, मोरीच्या जाळीपर्यंत फिरवला. चुंबकाला अकरा टाचण्या, बाबांच्या जुन्या चष्म्याचा स्क्रू आणि चार वर्षांपूर्वी हरवलेली पेटीची किल्ली लागली. छर्रा एकही लागला नाही.

"किल्ली सापडली, हेही नसे थोडके," आई म्हणाली. "आता पेटी कुठे गेली ते शोधू."

आत्या खुर्चीतून हे सगळं बघत होती. चुंबक तिच्या खुर्चीखालून जायला लागला तेव्हा तिने चांगला पाय उचलून वाट करून दिली.

शुक्रवारी दशांश सायकलच्या दुकानात गेली आणि काउंटरवर व्हर्नियर कॅलिपर ठेवून म्हणाली, "दोन छर्रे द्या. या मापाचे."

"दोन?" दुकानदाराने कानावर विश्वास न बसून विचारलं. "ताई, लोक मूठभर नेतात."

"मला दोनच कमी आहेत."

त्याने दोन छर्रे कागदात बांधून दिले आणि पैसे घेतले नाहीत. दोन छर्ऱ्यांचं बिल फाडायला त्यालाच कसंतरी वाटलं असावं.

अकरावा छर्रा बोटाने जरा दाबल्यावर बसला. वर्तुळ पूर्ण झालं, कुठे फट म्हणून नाही. दशांशने त्याचा फोटोसुद्धा काढला. पण शनिवारी चाक जोडून फिरवलं तर ते करकरत दोन फेरे घेऊन थांबलं. नट सैल केला, तर चाक डगडगायला लागलं. आवळला, तर जात्यावर बसल्यासारखी घरघर. अर्धा फेरा सैल, पाव फेरा घट्ट, एक अष्टमांश सैल. संध्याकाळपर्यंत तिने सदतीस नोंदी केल्या आणि सदतीसही वेळा चाकाने तिला जुमानलं नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजता बाकीची सायकल तयार होती. निळा रंग पुसून पॉलिश केलेला, केबली ताणलेल्या. फक्त पुढचं चाक तिच्या मांडीवर होतं. साडेनऊला खाली हातगाडी वाजली.

"आज लवकर आलास?" बाबांनी गॅलरीतून विचारलं.

"मोठ्या बाईंनी सांगितलंय ना, पोलाद आहे म्हणून!" भंगारवाला खालून ओरडला. "काटा लावून ठेवतो!"

दशांशने पाना खाली ठेवला. हात काळे, नाकावर ग्रीस, डोळ्यांत पाणी यायच्या बेतात. सगळं वाचून झालं होतं, सगळं मोजून झालं होतं. ती तशीच सरकत खुर्चीपाशी गेली.

"आत्या, माझं काय चुकतंय गं?"

आत्याने शब्दकोड्यात पेन ठेवून ते मिटलं. "सतरा दिवस लागले तुला हे विचारायला. आण इकडे चाक."

तिने चाकाचा आस दोन बोटांत धरला, चाक हळूच फिरवलं आणि डोळे मिटून कान जवळ नेला.

"किती घातलेस?"

"अकरा. दहाच होते. एकेक हरवला होता."

"एकही हरवला नव्हता. दहाच घालायचे असतात. वाटी भरायची आणि मग एक काढून घ्यायचा. दोन्हीकडून."

"पण जागा उरते!"

"उरू दे की. त्यांना हलायला नको?"

दशांशने काळ्या हाताने कपाळ बडवलं. "दोन शेजारी छर्रे एकाच दिशेने फिरतात! म्हणजे जिथे टेकतात, तिथे एकाचा पृष्ठभाग वर जातो आणि दुसऱ्याचा खाली! ते एकमेकांनाच घासतायत, आत्या!"

"असेल. आम्ही त्याला गर्दी म्हणायचो," आत्या म्हणाली. "पाना दे. दोन्ही दे."

दहा मिनिटं खुर्चीचा कारखाना झाला. दशांशने छर्रे काढले, आत्याने नट आवळले. एका पान्याने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं, आणि हे बघायला डोळे लागत नव्हते. तिची बोटंच ऐकत होती. आईने टॉवेल आणून नणंदेच्या मांडीवर पसरला, तोवर साडीला ग्रीस लागून गेलं होतं.

"वन्सं, साडी!"

"असू दे गं. कितीतरी वर्षांनी लागलंय."

मग आत्याने आस धरून चाक उभं केलं आणि हलकेच फिरवून दिलं. ते आवाज न करता फिरलं, मंदावलं, थांबलंसं वाटलं, आणि हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या नुसत्या वजनाने पुन्हा मागे झुललं. पुढे, मागे, पुढे. शेवटी व्हॉल्व्ह बरोबर खाली येऊन स्थिर झाला.

"सदतिसात असं एकदाही झालं नाही," दशांश पुटपुटली.

चाक जोडून, दहाला सात मिनिटं कमी असताना ती सायकल घेऊन खाली पोचली. भंगारवाल्याने काटा टांगून ठेवला होता आणि त्याच्याच शेजारून ती सायकलवर बसली. सुरुवातीला दोनदा डगमगली, मग हँडलच्या शिंगांना घट्ट धरून सरळ झाली. गॅलरीत आई कठड्याला टेकली होती, बाबा घड्याळ धरून उभे होते आणि त्यांच्या खांद्याला धरून, डॉक्टरांनी मनाई केलेली असतानाही, आत्या उभी होती.

पत्रपेटीला हात लावून दशांश परतली तेव्हा दहाला तीन मिनिटं कमी होती.

"मग माझं काय?" भंगारवाल्याने वर बघून विचारलं.

दशांशने खिशातून दोन छर्रे काढले. "हे आहेत. पोलादच आहे."

"ते नाही मिळायचे," आत्या वरून म्हणाली. "ते माझ्या चष्म्याच्या डबीत ठेव."

जिना चढून आलेल्या भाचीला दम लागला होता. छर्रे डबीत टाकताना तिने विचारलं, "पण आत्या, दहाचं तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. पहिल्या शर्यतीला मी पण अकरा घातले होते. मला सगळं येतं असं वाटायचं. शेवटून दुसरी आले."

"आणि शेवटची कोण?"

आत्या खुर्चीत बसली, पाय स्टुलावर ठेवला आणि शब्दकोडं उघडलं.

"होती एक. तिने बारा घातले असतील."