नावाडी मरतो तेव्हा

पालीच्या बाजारापासून जरा आत, चिऱ्याच्या घरातल्या मागच्या खोलीत महेंद्र जाधव रोज मरायचा. कधी तलवारीने, कधी गोळीने, कधी कड्यावरून पडून. कॉम्प्युटर गेममध्ये जे शेकडो सैनिक आणि दरोडेखोर ओरडत कोसळतात, त्यांना कुणीतरी आवाज द्यावा लागतो. ते काम महेंद्र बारा वर्षं करत होता. मुंबईला गेला होता तो कार्टूनमध्ये बोलायला मिळावं म्हणून. एका अस्वलाचा आणि एका बोलक्या रिक्षाचा आवाज त्याने दिलाही. पण त्याचा गळा कितीही किंचाळून टिकतो, हे एका स्टुडिओवाल्याच्या ध्यानात आलं आणि पुढे तेच त्याच्या वाट्याला येत गेलं. नाव कुठेच झळकत नसे.

वडील गेल्यावर आई एकटी पडली, म्हणून तो गावी परतला. खोलीच्या भिंतींना त्याने जुन्या गाद्या लावल्या, खिडकी बुजवली, माइक मांडला. पहिल्याच आठवड्यात शेजारचे हरिहर मास्तर काठी घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, महेंद्रला कुणीतरी मारतंय. महेंद्रच्या आईने, शालनबाईंनी, त्यांना पडवीत बसवून चहा दिला आणि मुलगा कामावर आहे म्हणून सांगितलं. सांगताना त्यांना लाज वाटली. हे कसलं काम, ते त्यांनी कधी विचारलं नाही, आणि महेंद्रनेही सांगितलं नाही.

कलमांना मोहोर आला होता तेव्हा पुण्याहून वैदेहीचा फोन आला. एका गेमच्या मराठी आवृत्तीचं दिग्दर्शन ती करत होती. गेममधला म्हातारा नावाडी नायिकेला नदीतून गावोगाव नेतो आणि शेवटी तिच्या मांडीवर डोकं ठेवून मरतो. त्या नावाड्यासाठी तिला महेंद्र हवा होता. बोलायचं काम, तेही चाळीस पानांचं. महेंद्रने वहीत संवाद उतरवून काढले, येता जाता पुटपुटत राहिला.

नावाड्याच्या गप्पा झकास झाल्या. वैदेही पुण्यात हेडफोन लावून ऐकायची आणि हसायची. पण मरणाच्या प्रसंगापाशी गाडी अडली. महेंद्रने सहा वेळा केलं. श्वास तोडला, घशात घरघर आणली, शब्द अर्धवट सोडले.

"मरताय छान," वैदेही शेवटी म्हणाली. "पण कुणाला तरी सोडून चाललाय, असं वाटत नाही हो."

तिने तासाभराची सुट्टी दिली. महेंद्र स्वयंपाकघरात जाऊन बसला. आई विळीवर तिसऱ्यांची शिंपलं फोडत होती. त्याचे वडील दत्ताराम लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीवर कामाला होते. निवृत्त होऊन वर्ष झालं नाही तोच याच घरात गेले. महेंद्र तेव्हा मुंबईत स्टुडिओत होता, फोन बंद करून. बाहेर आल्यावर त्याला अकरा मिस्ड कॉल दिसले. जाताना वडिलांनी आपलं नाव घेतलं असेल, या भीतीने आईला त्याने आजवर काही विचारलं नव्हतं.

आता विचारलं.

शालनबाईंचा हात थांबला नाही. "पाणी मागितलंन, पण प्यायला नाय. मग म्हणालान, कोंबड्या झाकल्यास काय? मी म्हटलं, झाकल्या. बरं, म्हणालान. तेवढंच."

"माझं काही?"

"नाव नाय काढलंन. खोटं कशाला सांगू? त्याला कुठे ठाऊक होतं, जातोय ते. सकाळी उठणार होता तो."

महेंद्रने विळीजवळची रिकामी शिंपलं गोळा केली. त्याला हलकंही वाटलं आणि लागलंही. मग डोळे पुसून तो खोलीत गेला.

या वेळी त्याने मरण आणलंच नाही. नावाडी नायिकेला सांगत होता, दोर नीट बांध, वल्ही वर काढून ठेव, सकाळी भरती लवकर आहे. लिहिलेले शब्द तेच होते. उद्या उठायचंच आहे अशा सुरात तो ते बोलला, आणि शेवटच्या वाक्याच्या मध्येच थांबला. वैदेही म्हणाली की झालं, आता परत करू नका.

गेम मे महिन्यात आला. महेंद्रने लॅपटॉप आईपुढे ठेवून तो प्रसंग लावला. शालनबाईंनी पदर तोंडाशी धरून शेवटपर्यंत पाहिलं.

"खेळणाऱ्याला वाचवता येत नाय त्याला?"

"नाही आई. तसंच लिहिलंय."

पुढे नावांच्या यादीत महेंद्र दत्ताराम जाधव असं आलं. ते त्यांनी हळूहळू वाचलं, बापसाचंही नाव घातलंस म्हणाल्या, आणि परत लावायला सांगितलं.

त्या वर्षात महेंद्रला बोलायची आणखी तीन कामं मिळाली. किंचाळण्याची कामंही येतात. तो ती करतो, आणि आई जेवताना विचारते, आज काय होतं.