न दुखणारी दाढ

मेस्त्रींचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि त्याला कारण होतं. तीस वर्षं ते स्वतः गॅरेज चालवत होते. ब्रेक दाखवायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात नवा क्लच कसा बांधायचा, हे त्यांना कुणी शिकवायला नको. चोराच्या वाटा चोराला ठाऊक!

म्हणून पोटात गाठ निघाली, केमो ठरली आणि कॅन्सरचे मोठे डॉक्टर म्हणाले, "आधी दात दाखवून या," तेव्हाच मेस्त्रींचे कान टवकारले. पोट कुठे, दात कुठे!

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला आणि खालच्या एका दाढेकडे बोट दाखवलं. "हिच्या मुळाशी पू आहे. काढावी लागेल. जखम भरायला दोन आठवडे द्या, मग केमो."

"पण दुखत नाही ना ती!"

"आज नाही दुखत. केमोत अंगातली ताकद उतरते. तेव्हा हाच पू रक्तात पसरला तर जिवावर बेतेल."

झालं, घाबरवायला लागल्या! मेस्त्री मनातल्या मनात हसले. 'गाडी ऐन चढावर दगा देईल हं' असं त्यांनी स्वतः कितीजणांना सांगितलं होतं.

घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "त्यानं पाठवायचं, हिनं उपटायचं. साटंलोटं आहे दोघांचं. मी काय दूधखुळा आहे?"

"अहो, तुमची दाढ घेऊन त्या करणार काय? माळ करून गळ्यात घालणार आहेत का?"

"तू गप्प बस. चोर पकडतोच बघ मी."

चोर पकडायची रीत त्यांना गिऱ्हाइकांनीच शिकवली होती. हुशार गिऱ्हाईक गाडी दुसऱ्या गॅरेजात नेतं आणि पहिला गॅरेजवाला काय बोलला त्याचा चकार शब्द काढत नाही. मेस्त्रींनी तेच केलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्या दंतवैद्याच्या खुर्चीत जाऊन बसले.

"दुसरा काही आजार? काही उपचार चालू?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"छे! ठणठणीत आहे."

म्हाताऱ्यानं फोटो काढून पाहिला. "मुळाशी जरा सावली आहे, पण रूट कॅनल केलं की दाढ वाचेल. घाई नाही, सवडीनं या." आणि तसं कागदावर लिहूनही दिलं.

मेस्त्रींना आभाळ ठेंगणं झालं. बायकोपुढे कागद नाचवला, मग मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवला; डॉक्टरीणबाईंचं नावही काढलं नाही. कागदावर लिहिलं होतं, 'तातडीने काही करण्याची गरज नाही.' डॉक्टरांना वाटलं, लिहिणाऱ्याला केमोचं ठाऊक असणारच. असं कुणी लपवतं का कधी? त्याच आठवड्यात पहिली केमो लागली.

अकराव्या दिवशी जबडा टम्म सुजला. तोंड उघडेना, थंडी वाजून ताप चढला. बायकोनं आणि मुलीनं उचलूनच दवाखान्यात नेलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या होत्या. तीन दिवस काही खरं नव्हतं. बायको खुर्चीत बसून नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

मुलीनं रागारागानं म्हाताऱ्या दंतवैद्याला फोन लावला. "केमो घेणाऱ्या माणसाला 'घाई नाही' लिहून देता? लाज नाही वाटत?"

"केमो?" म्हाताऱ्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. "अगं पोरी, मी विचारलं होतं त्यांना. ठणठणीत आहे म्हणाले. केमोचं सांगितलं असतं, तर त्याच दिवशी दाढ काढली असती मी!"

मुलगी फोन ठेवून बापाकडे वळली. मेस्त्रींनी भिंतीकडे तोंड केलं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. मोठे डॉक्टर पलंगाशी येऊन उभे राहिले.

"वाचलात. पण पुढची केमो आता वेळेवर होणार नाही. आधी हे निवळायला हवं, मग दाढ काढायची, मग जखम भरायची. तोवर गाठ गप्प बसेल की वाढेल, मी सांगू शकत नाही." ते मेस्त्रींकडे वाकले. "आणखी काही लपवलंय माझ्यापासून?"

मेस्त्रींनी चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"बोला की आता!" बायको ओरडली.

"उलटीच्या गोळ्या… त्या घेतल्या नाहीत मी. वाटलं, औषधवाल्याचं आणि तुमचं…" सुजलेल्या तोंडानं, लहान पोरासारखे ते हुंदके देऊ लागले. "डॉक्टर, सगळं सांगतो. काय वाटेल ते काढा. मला मरायचं नाहीये हो."