कोरफडीचा अर्ज: आधी नळ, मग मी

विषय: भाजलेल्या माणसाला आधी नळाकडे आणि मगच माझ्याकडे आणण्याबाबत.
संदर्भ: सूनबाईंचा उजवा हात.

वरील विषयी सविनय सादर करते की, मी या घरातली कोरफड बोलतेय. बोलतेय म्हणजे थरथरतेय. ओट्यामागच्या खिडकीत माझी कुंडी आहे आणि कुंडीला खेटून सुरी टांगलेली आहे. अशा शेजारात कुणाची हिंमत टिकेल, हे आपणच सांगावं.

माझा जन्म एका कचेरीत झाला. आईची कुंडी जिन्याखाली होती. तिच्या बुडाशी मी फुटले आणि आवक-जावक विभागाच्या खिडकीत माझी बदली झाली. तिथे मला उरलेला चहा मिळे, क्वचित पाणीही. त्या टेबलावरच्या बाई निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाची भाषणं ऐकून मला काखोटीला मारून घरी आल्या. भाषणं तिथेच ठेवली, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

त्या बाई म्हणजे या घरातल्या सासूबाई. कचेरी सुटली, पण तिथली एक सवय सुटली नाही. एखादी गोष्ट एकदा घडली की तो पूर्वदाखला. पुढे चर्चा नाही.

माझा पूर्वदाखला असा. एकदा त्यांच्या मनगटाला तव्याचा चटका बसला. त्या कुरकुरत तशाच कपडे खळबळायला बसल्या. हात बराच वेळ गार पाण्यात होता. नंतर कधीतरी आठवण झाली म्हणून माझं पान कापून गर लावला. डागसुद्धा उरला नाही. बादलीला कुणी विचारलं नाही. मला ‘डॉक्टरीणबाई’ ही पदवी मिळाली आणि सुरीला माझ्या शेजारी कायमची जागा.

तेव्हापासून ओट्यावर जरा चर्र झालं की माझ्या अंगावर काटा येतो. काटे मला जन्मजात आहेत, पण हा वेगळा.

सूनबाई घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग, चिमट्यात केसाएवढा स्क्रू, आणि सगळी भिस्त उजव्या हाताच्या तीन बोटांवर. “डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळतं,” असं त्या नवऱ्याला सांगतात. त्याला दोन्हींनी कळत नाही, असं त्याची आई म्हणते.

एका सकाळी सांडशी सटकली आणि पातेल्यातलं उकळतं पाणी नेमकं त्या तीन बोटांवर आलं.

सूनबाई नळाकडे धावल्या. सासूबाईंनी दंड धरून मागे ओढलं.

“अगं वेडे, पाणी नको! फोड येतील!”

“आई, सोडा! आग होतेय नुसती!”

“म्हणूनच सांगते. डॉक्टरीणबाई कशाला आहेत?”

नवरा टूथपेस्ट घेऊन धावत आला. “ही लाव. गार असते.”

“दात घास तिनं,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुरी काढली.

पान जाण्याची भीती मला नेहमीच वाटते. पण पान पुन्हा येतं. बोटांचं तसं नसतं. ती आतल्या आत शिजत होती, नळ समोर होता आणि सगळं घर माझ्याकडे बघत होतं. इतका विश्वास कुणी आपल्यावर टाकू नये. मी ओरडले. झाडाचं ओरडणं कुंडीबाहेर जात नाही.

पान कापलं गेलं. एरवी सासूबाई ते उभं धरून पिवळा चीक गळू देतात, धुतात. घाईत ते राहिलं. पान चिकासकट बोटांवर चोळलं गेलं. तो चीक झोंबतो. तो मी शत्रूंसाठी ठेवलेला आहे. सूनबाई किंचाळल्या, त्यांनी हात हिसकावला आणि सासूबाईंना कोपरानं सारून नळ सोडला.

“आई, आता मला हात लावून बघा!”

असा सूर या घरात पहिल्यांदाच लागला. पाणी वाहत राहिलं. बऱ्याच वेळानं सूनबाईंचे खांदे खाली आले.

फोड आलेच. नवरा टाचणी घेऊन सरसावला, तेव्हा सूनबाई थेट डॉक्टरांकडे गेल्या, माणसांच्या. परत येऊन त्यांनी निरोप मोठ्यानं सांगितला: “भाजलं की लगेच हात वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली. बर्फ नाही, पेस्ट नाही, फोड फोडायचा नाही. कोरफड किरकोळ चटक्याला, तीही गार झाल्यावर. फोड आले की दवाखाना.” माझ्या नोकरीचं स्वरूप मला पहिल्यांदाच कुणी नीट समजावलं.

पट्टी सुटली. नवी, गुलाबी कातडी आली, पण मधलं बोट बधिर. त्याला स्क्रू कळेना. त्यांच्या घड्याळांच्या दुकानाची चावी दाराशी टांगलेलीच राहिली. रोज सकाळी सूनबाई खिडकीशी येत आणि ते बोट माझ्या काट्यावर दाबत. टोचलं नाही की निघून जात. आपले काटे आणखी तीक्ष्ण असते तर, असं मला तेव्हा फार वाटे.

परवा त्या म्हणाल्या, “आई गं!” आणि हसल्या. पुन्हा टोचून घेतलं, पुन्हा हसल्या आणि चावी घेऊन बाहेर पडल्या.

मीही सुखावले असते. पण सासूबाईंनी खिडकीतून शेजारणीला हाक मारली.

“ऐकलंत का? आमच्या डॉक्टरीणबाईंनी बोट परत आणलं हो! तुम्हीही एक रोप न्या. आणि भाजलं तर पाणी अजिबात लावू नका!”

माझ्या बुडाशी फुटलेलं पिल्लू शेजारणीनं नेलं. तिच्याही ओट्यावर सुरी असेल.

तरी नम्र विनंती की, माझी कुंडी नळाशेजारी हलवावी, म्हणजे माझ्याकडे धावणारा माणूस निदान वाटेत नळाला अडखळेल. तिथे जागा आहे. सध्या घासणी वाळत असते.

घासणी अजून तिथेच आहे. ओट्यावर पातेलं उकळतंय. अर्ज प्रलंबित आहे.