बाबांनी दुरुस्त केलेलं पेडल

शाळेच्या बँडची निवड संध्याकाळी होती आणि नेमकं त्याच दुपारी बाबांनी माझं ओव्हरड्राइव्ह पेडल दुरुस्त करून ठेवलं! गिटारचा आवाज फाडून खरखरीत आणि दणदणीत करायचा, एवढंच त्या डबीचं काम. पण बाबा पडले रेडिओ दुरुस्त करणारे. कुठे खरखर ऐकली की त्यांचे हात शिवशिवतात.

"आवाज फाटत होता गं. आतले दोन डायोड काढून टाकले. आता ऐक, कसा स्वच्छ येतोय!"

मी तार छेडली. बाळ झोपावं इतका गोड आवाज आला. मी रडकुंडीला आले.

"बाबा, तो फाटायलाच हवा होता! परत बिघडवून द्या!"

"आख्ख्या धंद्यात असं गिऱ्हाईक पाहिलं नाही," असं पुटपुटत त्यांनी केराच्या डब्यातून डायोड शोधले आणि पुन्हा जागच्या जागी जोडले.

संध्याकाळी माझ्या पहिल्याच फटक्याला वर्गाच्या खिडक्या थरथरल्या. संगीताचे सर दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडले, "घेतलं हिला!"

दारातून बाबांनी त्याहून मोठ्याने सांगितलं, "सर, वर्षाची गॅरंटी आहे! आवाज सुधारला तर लगेच घेऊन या!"